शुक्रवारचं व्होल्टेज

माझ्या धाकट्या बहिणीचा अमेरिकेतून फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, लग्नात माझे केस तूच करायचेस," तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचं ओलं डोकं होतं. मी ते तसंच टपटपत सोडलं आणि बाहेर गल्लीत आले. बाहेर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट. काही ऐकू येत नाही असं सांगून मी तिला तेच वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं. खरं सांगते, पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

कारण अकरा वर्षं या बयेने मला तिच्या केसांना हात लावू दिला नव्हता. भिवंडीत निजामपुऱ्याच्या अलीकडे माझं ब्युटी पार्लर आहे. वडप्यापासून अंबाडीपर्यंतच्या नवऱ्या माझ्याकडे तयार व्हायला येतात, हळदीच्या दिवशी मला जेवायला फुरसत नसते, आणि माझी सख्खी बहीण माझ्यासमोर डोक्यावरून ओढणी घेऊन बसायची. बायका मुद्दाम विचारायच्या, "तुझी बहीण का गं येत नाही तुझ्याकडे?" काय सांगणार त्यांना, कपाळ?

झालं होतं ते असं. तिचा दहावीचा सेंडऑफ होता. मी नुकताच पार्लरचा कोर्स केला होता, त्यामुळे अंगात भलतीच रग. नवाकोरा कर्लर घेतला होता आणि आठवडाभर शेजारच्या पोरींवर हात बसवला होता. बट गुंडाळायची, पंचवीस मोजायचे, सोडायची. वीसला सोडली तर केस सरळच्या सरळ, पंचवीसला झकास वळण. बहिणीला स्टुलावर बसवलं, पुढची बट गुंडाळली, बरोबर पंचवीस मोजले आणि कर्लर बाजूला घेतला, तर बटही त्याच्याबरोबर आली. कपाळावर दोन बोटं खुंट उरले. घरभर करपल्याचा वास. ती सेंडऑफला गेलीच नाही. वर्गाच्या फोटोत सगळ्या आहेत, ती नाही.

तिचं म्हणणं, मी फोनवर बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. फोन खांद्यात धरला होता हे खरं. पण मोजणं चुकलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगून थकले. त्यानंतर तिचं डोकं फक्त आईच्या हाती. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा पोरीने केसच मानेपर्यंत कापून टाकले, म्हणजे कुणाची गरजच नको. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मी होते ना घरात.

मी त्या प्रकारातून एक धडा मात्र घेतला होता. तो दिवस शुक्रवार होता. तेव्हापासून शुक्रवारी कर्लरला हात लावायचा नाही हे ठरून गेलं. शुक्रवार मला लाभत नाही, विषय संपला. आमच्याकडे शुक्रवारी लूमना सुट्टी असते, गल्ली शांत, बायका जरा मोकळ्या, धंद्याचा दिवस खरं तर तोच, पण माझं शटर खाली. गिऱ्हाइकांना वाटलं, संतोषीचा उपवास करते. मी म्हटलं, वाटू दे. मग दर शुक्रवारी कुणी ना कुणी गूळ-चणे आणून द्यायला लागलं आणि चारचौघांत मला आंबट खाता येईना. त्या नसलेल्या उपवासापायी मी अकरा वर्षं शुक्रवारची पाणीपुरी सोडली. बाकीच्यांना देवी पावते, मला नुसतं पथ्य.

तर असं असताना तिचा फोन. नवरामुलगा मराठीच, पण तिकडेच वाढलेला. कागदपत्रांच्या भानगडीमुळे तिला इकडे येणं जमत नव्हतं, म्हणून लग्न तिकडे, आणि आमच्याकडून जाणार मी आणि बाबा. ती विचारत होती, "ताई, तुझी मशीन इथे चालेल ना? मी बघून ठेवू का काही?" मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "मला शिकवू नकोस. माझी हत्यारं मी घेऊन येते." इथेच खरं तर माझं तोंड कुणीतरी धरायला हवं होतं.

हत्यारं म्हणजे कर्लर, ड्रायर, स्ट्रेटनर आणि खबरदारी म्हणून आणखी एक कर्लर. ओळखीच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून एक अडॅप्टर घेतला. तो मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. म्हणाला, "पूरी दुनिया में चलेगा, बाजी." मी म्हटलं, दुनियेचं राहू दे, अमेरिकेत चालू दे. सामानाची बॅग हरवली तर काय, म्हणून हत्यारं मी जवळच्या पिशवीत ठेवली. विमानतळावर त्या पिशवीने तीन माणसं गोळा केली. कर्लर बाहेर काढून एक बाई त्याच्याकडे अशी बघत होती की मी तिथल्या तिथे तिची एक बट वळवून दाखवायची तयारी दाखवली. तिने हसून जाऊ दिलं. बाबांची पिशवी मात्र तपासणीवाल्यांनी माझ्याआधीच रिकामी करून घेतली होती, कारण बाबांनी जवळ पाना ठेवला होता.

बाबा लूमचे जॉबर. जॉबर म्हणजे लूमचा मिस्त्री, धागा तुटण्यापासून मोटर जळण्यापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. आता घरीच असतात, पण खिशात टेस्टर नसेल तर त्यांना उघडंवाघडं वाटतं. पाना गेला, पण टेस्टर त्यांनी मोठ्या बॅगेत धोतरात गुंडाळून नेला होता. मला ते तिथे पोचल्यावर कळलं.

बुधवारी पोचलो. शनिवारी सकाळी लग्न. गुरुवारी बहीण तिच्या कामावर गेली आणि मी म्हटलं, एकदा हत्यारं लावून बघावीत. अडॅप्टर बसवला, कर्लर लावला. लाल बत्ती लागली, पण अगदी मलूल. पाच मिनिटं थांबले. बोट लावून पाहिलं, कोमट. दहा मिनिटं थांबले. कोमटच. दुसरा लावला, तोही तसाच. ड्रायर लावला तर त्यातून एवढीशी झुळूक आली, दमलेल्या माणसाने फुंकर मारावी तशी.

बाबांनी टेस्टर काढला, सॉकेटात घातला, डोळा जवळ नेला आणि निकाल दिला. "व्होल्टेज डाऊन हाय. पार डाऊन."

आता हे ऐकून दुसऱ्या कुणाला काही सुचलं असतं. आम्हाला हायसं वाटलं. व्होल्टेज डाऊन हे आम्ही जन्मापासून ऐकतोय. आमच्या गल्लीत लूम जोरात चालू असले की पंखा रेंगाळतो, मिक्सर कण्हतो. मग थांबायचं. शिफ्ट बदलताना लूम घटकाभर बंद पडतात, पंखा सुसाट सुटतो, तेवढ्यात चटणी वाटून घ्यायची. आई हातात वाटण घेऊन उभी असायची. तर इथेही थांबू, त्यात काय.

बाबा खिडकीत गेले. बाहेर एक मोठा रिकामा रस्ता, झाडं आणि एक कुत्रा फिरवणारी बाई. बाबांनी कान देऊन ऐकलं. "आवाज येत न्हाय," ते म्हणाले, "पण कुठंतरी मोठा कारखाना चालू असणार. लोड खेचतोय."

"मग बंद कधी होईल तो?"

"उद्या शुक्रवार हाय ना. उद्या चढंल व्होल्टेज."

आणि मी, तीस वर्षांची बाई, स्वतःचं पार्लर चालवणारी, मी म्हटलं, "हो, खरंच की." शुक्रवारी कर्लरला हात लावायचा नाही हा माझा नेम, पण नुसतं तापतोय का ते बघायला काय हरकत आहे, अशी मी मनाची समजूत घातली. बहिणीला काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती आली आणि सारखी केसांतून हात फिरवत म्हणाली, "पुरतील ना गं एवढे?" लग्नासाठी तिने खांद्याखाली वाढवले होते. मी म्हटलं, "भरपूर आहेत." मी हात पुढे केला तर तिची मान नकळत मागे गेली. ती ओशाळली आणि मीही भाजी ढवळायला उठले, जी कधीच शिजून झाली होती.

शुक्रवारी सकाळी ती ब्लाउज आणायला बाहेर पडली आणि आम्ही दोघं कर्लरसमोर बसलो. नऊ वाजता कोमट. दहा वाजता कोमट. बाबांनी कर्लरची कोमट सळी आख्खी मुठीत धरली आणि डोळे मिटून बसले. "काल्च्यापेक्षा जरा बरा हाय," ते म्हणाले. ते खोटं होतं, माझं तोंड बघून बोलले होते. अकरा वाजता मला रडू यायला लागलं. पहिल्यांदा तिने स्वतःहून डोकं दिलं होतं माझ्या हाती, आणि ही दोन मढी तापायला तयार नव्हती.

बाबा उठले, टेस्टर खिशाला लावला आणि खाली गेले. बिल्डिंगची देखभाल करणारा एक माणूस तळमजल्यावर बसायचा, सहा फुटी, कमरेला अवजारांचा पट्टा. बाबांना इंग्रजी येत नाही. पण भिवंडीत आयुष्यभर ज्या भाषेत त्यांनी परमुलुखाच्या कारागिरांशी काम केलं, तीच त्यांनी इथे काढली. मी मागून धावत गेले तोवर ते सांगत होते, "भाईसाब, होल्टेज डाऊन है. शादी का घर है." आणि आश्चर्य म्हणजे तो माणूस टेस्टरकडे बघून उठला. अवजारवाल्याला अवजारवाला कळतो.

तो वर आला. त्याने पट्ट्यातून मीटर काढला, सॉकेटात दोन टोकं घातली आणि आम्हाला आकडा दाखवला. एकशेवीस. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर सापडला. "बघ. एकशेवीस. आपल्याकडं दोनशेतीस लागतं, हितं निम्मं हाय." मग त्याला म्हणाले, "भाईसाब, आधा है, आधा." हाताने कापून दाखवलं, अर्धं. तो माणूस खूश झाला, अंगठा वर केला आणि म्हणाला, "गुड, गुड." बाबांनी पुन्हा हात कापून दाखवला. त्याने दुसराही अंगठा वर केला. मग त्याने स्वयंपाकघरातल्या सॉकेटात मीटर घातला, तिथेही एकशेवीस, तिथेही गुड. न्हाणीघरातही गुड. आमच्या हट्टापायी त्याने सगळं घर मोजलं. मी त्याच्यापुढे घरून आणलेल्या चकल्यांचा डबा ठेवला. बाबा खुर्चीत बसले. त्यांना त्या माणसाची मनापासून दया आली होती.

"एवढा मोठा देश," ते मला हळूच म्हणाले, "आनि निम्म्या व्होल्टेजवर दिवस काढतात बिचारे. तक्रार पन करत न्हाईत."

तेवढ्यात बहीण आली. दारातच थांबली. एक अनोळखी माणूस मीटर घेऊन चकली खातोय, बाप टेस्टर घेऊन हताश बसलाय, ताई दोन कर्लर मांडीवर घेऊन डोळे पुसतेय. ती त्या माणसाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. मग आमच्याकडे पाहिलं, भिंतीला टेकली आणि हसत हसत खाली घसरत जमिनीवर बसली. तिला श्वास घेता येईना. तो माणूसही हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. आणखी दोन चकल्या घेऊन तो गेला.

"ताई, इथे एवढंच असतं," ती कशीबशी म्हणाली. "आख्ख्या देशात. शुक्रवारी पण."

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगत होते. तू म्हणालीस, मला शिकवू नकोस."

मी मांडीवरचे दोन्ही कर्लर पिशवीत कोंबले. ती आत गेली आणि एक डबा घेऊन आली. डब्यात कर्लर, इथलाच, सील न तोडलेला. मैत्रिणीने कधीतरी दिला होता. "मी वापरला नाही," ती म्हणाली. "भीती वाटते." हे ती सहज म्हणाली, पण मला लागलं.

मी म्हटलं, आधी स्वतःवर बघते. माझ्या वेणीचं टोक सोडलं, गुंडाळलं आणि सवयीने मोजायला लागले. अकरा वर्षांत माझा हात त्या आकड्यावर असा बसलाय की झोपेतही मी पंचवीसच मोजीन. बाराला वास आला. पंधराला धूर. बहीण म्हणाली, "ताई, ताई." मी मेली हट्टी, मोजतेच आहे. पंचवीसला काढला, तर चार बोटं वेणी कर्लरला चिकटून आली.

वास तोच होता. बहिणीचा हात कपाळाकडे गेला होता, तो तिने पटकन खाली घेतला. मग फार मायेने म्हणाली, "राहू दे ताई. मी साधा अंबाडा घालते. छान दिसतो तोही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कर्लर बंद करायला वाकले. मनात म्हटलं, शुक्रवार, मेला. इथेही आला मागे.

बाबांनी तो जळका तुकडा उचलला, तुटलेला धागा बघावा तसा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हे मशीन हितल्या व्होल्टेजचंच हाय. म्हंजे फुल तापणार. फुल तापल्यावर कुणी पंचवीस मोजतं का? तवा पन तूनं तेच केलंस."

"कधी?"

"हिच्या सेंडऑफला. शुक्रवार न्हवता का? लूम बंद, व्होल्टेज फुल. तू आठवडाभर डाऊन व्होल्टेजवर शिकलीस आनि शुक्रवारी तेवढंच मोजलंस. जळणारच."

मी बाबांकडे बघत राहिले. आठवडाभर लूम चालू असताना पंचवीस लागायचे, म्हणून पंचवीस. शेजारच्या पोरी सोमवारी आल्या होत्या, मंगळवारी आल्या होत्या. बहिणीला मी शुक्रवारी बसवलं. माझं लक्ष ढळलं नव्हतं. मोजणं चुकलं नव्हतं. माझ्या वाईट दिवसाचा काही संबंध नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"वास आला तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी दोघी रडत व्हत्या. कुनी विचारलं मला? आनि मला वाटलं तुला म्हायती हाय. म्हनून तर तू शुक्रवारी दुकान बंद ठेवतीस."

मला हसावं की बापाला धरून गदागदा हलवावं कळेना. अकरा वर्षं. माझी पाणीपुरी. मी खो खो हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसता हसता बाबांना तोंडाला येईल ते बोलले. बाबा शांतपणे म्हणाले, "त्यात काय एवढं. व्होल्टेजचा दोष हाय, तुझा न्हाय."

बहीण हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "तू खरंच पंचवीसच मोजले होतेस?"

"हो."

"फोनवर होतीस तरी?"

"फोनवर समोरच्याला ऐकू जात होते माझे आकडे."

तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, खिडकीशी ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, "उद्या सकाळी करू गं. आज शुक्रवार आहे."

"म्हणूनच आज करायचे," ती म्हणाली. "बाबा, फुल व्होल्टेजला किती मोजायचे?"

बाबांनी विचार केला. "आठ," ते म्हणाले. "जास्त न्हाय."

"मी मोजते," ती मला म्हणाली. "तू नुसतं धर."

मी कपाळावरची तीच बट घेतली, कारण तिने तीच पुढे काढून ठेवली होती. कंगव्याने विंचरली, गुंडाळली. ती मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिचे खांदे ताठ होते, आणि खुर्चीचे हात तिने घट्ट पकडले होते. चारला मला वास आल्यासारखं वाटलं. आला नव्हता. पाचला माझ्याच्याने राहवेना, मी कर्लर सोडला. बट खाली आली, जराशी वळली आणि सुटून सरळ झाली.

"पाचला सोडलंस," ती म्हणाली.

"घाबरले गं."

"मी पण. परत धर."

मी परत धरलं. तिने परत एकपासून मोजलं, आठपर्यंत, आणि आठला मी सोडलं. बट कपाळावर गोल वळून थांबली, मऊ, काळीभोर. तिने बोटाने ती चाचपली, शेवटपर्यंत. मग कानामागची दुसरी बट स्वतःच वेगळी केली आणि मागे न बघता माझ्या हातात दिली.